डिजिटल शाळा : साधन गावाच्या स्वाधीन हवे

भंडारा शहराला जाण्यासाठी हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरील गाडीने येणारा नवखा प्रवासी 'भंडारा रोड' स्थानकावर उतरतो, तेव्हा तो प्रत्यक्षात वरठी या गावी उतरलेला असतो. शहर तेथून आणखी दहा-बारा किलोमीटर दूर आहे. स्थानकाच्या नावातच ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितलेली आहे. हे भंडारा नव्हे, भंडाऱ्याकडे जाणारा रस्ता येथून सुरू होतो. गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रातील शाळाशाळांतून प्रोजेक्टर, टॅब, स्मार्ट टीव्ही आणि क्यूआर कोड येऊन पोहोचले. त्यांच्या बाबतीत मात्र हा प्रामाणिकपणा दिसला नाही. यंत्र शाळेत पोहोचले म्हणजे ज्ञान मुलापर्यंत पोहोचले, असे गृहीत धरून फिती कापल्या गेल्या, छायाचित्रे काढली गेली आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'डिजिटल शाळा' अशी अक्षरे रंगवली गेली. स्थानकापासून गावापर्यंतची वाट मात्र कोणी चालायची, हे ठरायचे राहूनच गेले.

वरठी हे मोहाडी तालुक्यातील गाव. लोहमार्ग, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि सभोवती धानाच्या बांध्या, अशी त्याची ओळख. या घडणीची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ती धड शहरे नाहीत आणि धड खेडीही नाहीत. दुर्गम पाड्यांविषयी समाजाला वाटणारी कळकळ त्यांच्या वाट्याला येत नाही आणि महानगरातील नामांकित शाळांच्या सोयीही येत नाहीत. तथापि, शिक्षणातील नव्या साधनांची खरी परीक्षा अशाच गावांत होत असते. येथे वीज आहे, मोबाइलचे जाळे आहे. म्हणजे 'सोयच नाही' ही सबब येथे चालत नाही. आणि तरीही एकाच गल्लीत दोन जगे नांदतात. एका घरात मुलासाठी स्वतंत्र फोन असतो आणि शिकवणीचे शुल्क भरण्याची ऐपत असते. शेजारच्या घरात एकच फोन असतो आणि तो कमावत्या माणसाबरोबर दुसऱ्या पाळीला निघून जातो. 'ऑनलाइन शिक्षण' हे शब्द दोन्ही घरांत सारखेच ऐकू येतात. त्यांचा अर्थ मात्र प्रत्येक घरात वेगळा होतो.

म्हणूनच तंत्रज्ञान हवे की नको, हा वादच मुळात निरर्थक आहे. ते आलेले आहे आणि राहणार आहे. विचार करावयाचा तो त्याच्या सूत्रांचा. वर्गातील पडदा कोणाच्या वेळापत्रकाने उजळतो, कोणाच्या भाषेत बोलतो, बिघडला तर तो कोण दुरुस्त करतो, आणि त्यामुळे मूल वाचू लागले की नाही हे कोण तपासतो? ही सूत्रे शाळेच्या आणि गावाच्या हाती असतील तर यंत्र उपकारक ठरते. ती अन्यत्र असतील तर सर्वांत महागडे यंत्रही कपाटाची शोभा होऊन राहते.

कपाटात गेलेली स्वप्ने

यंत्राच्या साहाय्याने शिक्षणाचा प्रश्न एका उडीत सोडवण्याची आकांक्षा आजची नाही. १९७५-७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा प्रयोग झाला. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम होत. उपग्रह दुसरीकडे वळवला गेला आणि प्रयोग संपला. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था उभी राहिली. मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ही राज्याची स्वतःची संस्था होती. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहून वाढलेली पिढी आज पालक झालेली आहे. पुढे अनुदानाअभावी ही संस्था रखडत राहिली आणि २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी महामारीने शाळांना कुलूप लावले आणि दूरचित्रवाणीवरून मुलांना कसे शिकवावे, याचा शोध राज्याला नव्याने घ्यावा लागला. तीन दशकांत साठवलेला अनुभव हाताशी असताना तो मोडीत काढायचा आणि गरज पडली की पुन्हा श्रीगणेशा करायचा, याला दूरदृष्टी म्हणता येणार नाही.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला भारताचा पहिला उपग्रह अवकाशात झेपावला. भारतीय शास्त्रज्ञांनी आपल्या वाट्याचे काम चोख केले. उपग्रह आकाशात होता. जमिनीवरील वर्गात संच चालू ठेवणे, वेळापत्रक जुळवणे, शिक्षकाला तयार करणे ही कामे मात्र रेंगाळली. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील छोट्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. तो देशभर पसरला नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने मात्र तीच योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने तेथील ३१९ शाळांचा अभ्यास केला, तेव्हा लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत काहीही सुधारणा आढळली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्याकडे मोठ्या गाजावाजाने आलेला 'आकाश' टॅब्लेट आज किती जणांच्या स्मरणात आहे?

या सर्व उदाहरणांत यंत्र सदोष होते असे नाही. दोष योजनेच्या रचनेत होता. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'खडू-फळा' मोहिमेतही हेच घडले होते. शाळांना विज्ञानपेटी, नकाशे, तक्ते मिळाले. पण वस्तू फुटली तर भरपाई आपल्या माथी येईल, या धास्तीने पुष्कळ ठिकाणी त्या डेडस्टॉक रजिस्टरात नोंदवून कपाटात बंद झाल्या. साहित्य सुरक्षित राहिले आणि मुले कोरडी राहिली. आजचा प्रोजेक्टर त्या विज्ञानपेटीचा वारसदार होऊ नये, एवढी काळजी घेणे आवश्यक आहे. वीजबिलाच्या थकबाकीमुळे जिल्हा परिषदेच्या शाळांची जोडणी तोडली गेल्याच्या बातम्या महाराष्ट्राने अनेक वर्षे वाचलेल्या आहेत. ज्या शाळेत दिवाच लागत नाही तेथे 'स्मार्ट बोर्ड' हा एक महागडा काळा फळाच होय.

दुसऱ्या बाजूचे चित्रही तितकेच खरे आहे आणि ते आवर्जून सांगितले पाहिजे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाची वस्ती आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने स्वतःच्या कल्पकतेने अल्प खर्चात डिजिटल वर्ग उभा केला आणि राज्यभरातील शिक्षक तो पाहण्यासाठी त्या पाड्यावर जाऊ लागले. जून २०१५ मध्ये राज्य शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतर अनेक गावांनी लोकवर्गणी काढून आपल्या शाळेत संगणक आणि पडदे आणले. मजुरी करणाऱ्या माणसांनीही त्यात आपला वाटा घातला. हे चित्र सरकारी पुरवठ्याच्या चित्राहून निराळे आहे, कारण येथे यंत्राआधी शिक्षक होता आणि शिक्षकामागे गाव होते.

महामारीने घेतलेली परीक्षा

मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत घातले गेले, त्याने आपला वर्ग प्रथम पाहिला तेव्हा ते दुसरीत होते आणि ती इयत्ताही अर्धी सरली होती. हातात पाटी धरून अक्षर गिरवण्याचे जे वय, ते या मुलांचे फोनच्या काचेसमोर किंवा काचेविनाच गेले.

या काळात राज्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमातून दररोजचा अभ्यास पाठवला गेला. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. केंद्र सरकारने १७ मे २०२० रोजी 'पीएम ई-विद्या' योजना जाहीर केली आणि प्रत्येक इयत्तेसाठी एक वाहिनी देण्याचा संकल्प सोडला. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या स्वदेशी व्यासपीठावर पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडद्वारे मोफत पाठ उपलब्ध होते. साधनांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नव्हती. देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. 'असर' पाहणीनुसार २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर पोहोचले. परंतु त्याच पाहणीत असेही आढळले की, पाहणीपूर्वीच्या आठवड्यात शाळेकडून अभ्यासाचे काही साहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती.

परिणाम काय झाला? तिसरीतील मुलाला दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचता येणे ही अगदी साधी कसोटी आहे. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील तिसरीच्या २७.३ टक्के मुलांना तो वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले. घरातील फोन वाढले आणि मुलांचे वाचन घटले. पुढे २०२४ मध्ये ते २७.१ टक्क्यांपर्यंत सावरले. परंतु ही भरपाई शाळा उघडल्यावर, प्रत्यक्ष वर्गात, पायाभूत वाचन-गणनावर शिक्षकांनी जोर दिल्यावर झालेली आहे, हे विसरता येत नाही. आणि सावरल्यानंतरही जे हाती राहिले ते काही अभिमानाने सांगावे असे नाही. तिसरीतील चार मुलांपैकी जवळजवळ तीन मुलांना आजही दुसरीचा परिच्छेद वाचता येत नाही.

त्या कठीण काळात ज्या गोष्टींनी मुलांना खरोखर आधार दिला, त्या पाहिल्या तर एक सूत्र हाती लागते. सोलापुरातील नीलमनगर ही यंत्रमाग आणि कापड कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांची वस्ती. तेथील शिक्षकांनी सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर धडे, पाढे आणि सूत्रे रंगवून घेतली. ज्या मुलाकडे फोन नाही ते भिंतीसमोर उभे राहून शिकू लागले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी भागात 'बोलकी शाळा' सुरू झाली. कार्यकर्ते ध्वनिवर्धक घेऊन पाड्यावर जात आणि ध्वनिमुद्रित धडे मुलांना ऐकवत. राज्यातील कितीतरी शिक्षक कोणत्याही आदेशाची वाट न पाहता मंदिराच्या ओट्यावर, झाडाखाली, अंगणात चार-सहा मुलांना जमवून शिकवत राहिले. या प्रयत्नांतील साधने निरनिराळी होती. रंग, ध्वनिवर्धक, मोबाइल. समान गोष्ट एकच होती. कोणीतरी माणूस मुलाच्या दारापर्यंत चालत गेला होता.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. कोसबाडच्या परिसरातील ती 'कुरणशाळा' म्हणजे दूरशिक्षणाचा अस्सल देशी आविष्कार होता. शाळा आणि मूल यांच्यातील अंतर कापण्याची जबाबदारी तेथे मुलावर टाकलेली नव्हती. ती शिक्षकाने स्वीकारलेली होती. आजचे दूरशिक्षण त्याच्या नेमके उलट वागते. फोन मुलाने मिळवावा, जोडणी मुलाने शोधावी, लक्ष मुलाने टिकवावे आणि नाही समजले तर दोषही मुलाचाच.

पडदा कोणत्या भाषेत बोलतो?

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ही भारतीय संस्कारांना साजेशी घटनाही जगाने पाहिली. त्यांचे नाव झाले ते पाठ्यपुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडमुळे. परंतु त्यांच्या कार्यातील अधिक मोलाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. शाळेतील मुलांची घरची भाषा कन्नड आहे आणि पुस्तके त्यांना कळत नाहीत, हे त्यांनी प्रथम ओळखले. ते कन्नड शिकले आणि मुलांसाठी त्यांच्या भाषेतून साहित्य तयार केले. तंत्र नंतर आले. मुलाच्या भाषेचा आदर आधी आला.

वरठीच्या संदर्भात हा मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीबोलीचा प्रदेश. या बोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' येतो. पाणी हे 'पानी' होते आणि जवळ हे 'जवर' होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आयुष्य वेचून या बोलीला अभ्यासाच्या क्षेत्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. झाडीपट्टीची नाट्यपरंपरा तर दिवाळीनंतर रात्र-रात्र जागणाऱ्या प्रेक्षकांच्या बळावर आजही समर्थपणे उभी आहे. असे असताना येथील पहिलीच्या मुलासमोर जो पडदा उजळतो, तो घरच्या बोलीपासून दूर असलेल्या प्रमाण मराठीत, आणि तीही घाईघाईने, बोलतो. गावातला शिक्षक 'जवर' ऐकून हसत नाही. तो 'जवर'पासून 'जवळ'पर्यंत मुलाला बोट धरून नेतो. मुलाचे वाचन ऐकून चुका दाखवणारी साधने आता मोबाइलवर आलेली आहेत. त्यांनी घरच्या उच्चारावर चुकीची फुली मारली, तर सहा वर्षांच्या जीवाला आपली आईच चुकीचे बोलते असे वाटू लागेल. प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे, पण आईच्या बोलीचा पाणउतारा करून नव्हे.

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून अथवा घरच्या भाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला आहे आणि त्याच धोरणात डिजिटल शिक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ही दोन प्रकरणे एकत्र वाचली पाहिजेत. झाडीबोलीतील गोष्टी, धानाच्या शेतीचे शब्द, गावातील आजीच्या तोंडून ऐकलेली कहाणी हे सारे एका साध्या फोनवर मुद्रित करून वर्गात ऐकवता येते. त्यासाठी कोणत्याही कंपनीचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. मुले केवळ पाहणारी न राहता करणारी होतात, ती अशा वेळी.

शिक्षकाला पर्याय की शिक्षकाला हात?

पडद्याचा उपयोग जेथे खरा आहे तेथे तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. हृदयातील रक्ताभिसरण, ग्रहणे, ज्वालामुखी, पेशीविभाजन या गोष्टी खडूने समजावताना उत्तम शिक्षकाचीही दमछाक होते. दोन मिनिटांचे चलचित्र ते काम सुलभ करते. ज्या माध्यमिक शाळेत गणिताचे किंवा भौतिकशास्त्राचे पद रिक्त आहे तेथे चांगल्या शिक्षकाचा ध्वनिचित्रित पाठ उपासमारीत मिळालेल्या शिदोरीसारखा असतो. दृष्टिबाधित मुलाला बोलणारे पुस्तक मिळते. रोवणीच्या हंगामात दोन आठवडे शाळा चुकलेल्या मुलीला मागचा पाठ पुन्हा ऐकता येतो. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी-संसार सांभाळणाऱ्या असंख्य स्त्री-पुरुषांना दूरशिक्षणातून पदवीपर्यंत नेले, हेही विसरता येणार नाही. प्रौढ, समजत्या आणि निश्चय केलेल्या विद्यार्थ्यासाठी दूरशिक्षण वरदान ठरते. अक्षरओळख होत असलेल्या बालकासाठी ते वर्गाची जागा घेऊ शकत नाही.

धोका याच ठिकाणी आहे. कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, हा प्रश्न राज्यात वारंवार पुढे येतो. शिक्षक नेमण्यापेक्षा पडदा लावणे स्वस्त, असा हिशेब मांडण्याचा मोह कोणत्याही शासनाला, मग ते कोणत्याही पक्षाचे असो, होऊ शकतो. तो हिशेब फसवा आहे. पऱ्हे गाडीत घालून आणता येतात, पण रोवणी वाकूनच करावी लागते, हे धानउत्पादक भंडारा जिल्ह्याला सांगायला नको. मुलाचा चेहरा पाहून त्याला समजले नाही हे ओळखणे, सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीच्या घरी जाणे, पाठीवर हात ठेवणे ही वाकून करायची कामे आहेत. आणि विरोधाभास असा की, याच कामांसाठी असलेला शिक्षकाचा वेळ आज यंत्रेच खात आहेत. 'सरल'मधील नोंदी, पोषण आहाराची माहिती, हजेरीचे अ‍ॅप, उपक्रमाचे छायाचित्र चढवणे, यांत गुरुजींचे डोळे मुलांऐवजी काचेवर खिळून राहतात. डिजिटल साधनांनी शिक्षकाची कारकुनी कमी करावी, ही पहिली अपेक्षा असली पाहिजे. ती वाढत असेल तर साधन आणि साध्य यांची अदलाबदल झाली आहे, असे खुशाल समजावे.

बाजाराचा हातही या क्षेत्रात लांबवर पोहोचलेला आहे. महामारीच्या काळात पालकांच्या धास्तीवर शिकवणीचे अ‍ॅप फोफावले. २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावर झळकलेल्या 'बायजूज'चे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरवर गेले होते. जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. यातून मध्यमवर्गीय कुटुंबांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. मुलाच्या शिक्षणाची हमी कोणत्याही वर्गणीच्या पावतीवर मिळत नसते. यापुढे प्रश्न विचारताच निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही घरोघर येत आहे. स्वतः विचार करण्याचे कष्ट टाळण्याची सवय वाढत्या वयात लागली तर ती कोणत्याही शिकवणीने जाणार नाही. मुलांच्या माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांबाबत पालकांची संमती आवश्यक केली आहे आणि त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास प्रतिबंध केला आहे. आपल्या मुलाचे नाव, छायाचित्र आणि गुण कोणत्या अ‍ॅपवर जातात, हे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे. तो वापरला पाहिजे.

जगातही वारे फिरलेले आहे. जुलै २०२३ मध्ये युनेस्कोने आपल्या जागतिक अहवालात शिक्षणातील तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर, असा थेट प्रश्न विचारला. स्वीडनसारख्या संपन्न देशाने त्याच वर्षी छापील पाठ्यपुस्तकांसाठी स्वतंत्र निधी दिला. आपण त्यांचे अनुकरण करावे असे नव्हे. पण जे देश या वाटेने पुढे गेले ते वळून का पाहत आहेत, हे जाणून घेणे शहाणपणाचे आहे. आपल्याकडील चित्रही बोलके आहे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले. समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगणारी मुले ७६ टक्के होती.

गावाने हाती घ्यावयाचे काम

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. ऑनलाइन शाळेच्या काळात मुलांच्या हाती आलेला फोन सुटेना, हे पाहून गावातील स्त्रियांनी पुढाकार घेतला. ग्रामसभेत ठरले की, रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि त्यानंतर दीड तास घराघरांतील मोबाइल आणि टीव्ही बंद राहतील. मुले अभ्यास करतील. यासाठी कायदा झाला नाही, अनुदान मिळाले नाही. गावाने ठरवले आणि पाळले. तंत्रज्ञानाला विरोध न करता त्याच्यावर आपले वेळापत्रक लादणे काय असते, याचा हा वस्तुपाठ आहे.

पाळीच्या भोंग्यावर आणि गाडीच्या वेळेवर चालणाऱ्या वरठीसारख्या गावाला शिस्त शिकवण्याची गरज नाही. तीच शिस्त सायंकाळच्या अभ्यासाला लावता येईल. शाळा सुटल्यावर बंद पडून राहणारी खोली आणि तिच्यातील पडदा सायंकाळी दोन तास उघडा ठेवावा. घरी फोन नसलेल्या मुलाला तेथे 'दीक्षा'वरील पाठ पाहता येईल. निवृत्त शिक्षक, रेल्वे आणि कारखान्यातील निवृत्त कर्मचारी, महाविद्यालयात जाणारे तरुण यांनी आठवड्यातील एकेक सायंकाळ वाटून घ्यावी. कारण देखरेखीविना पडदा म्हणजे पुन्हा करमणूकच. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार तिला आहे. ही समिती सहीपुरती राहू नये. कोणते यंत्र घ्यायचे, दुरुस्तीचा पैसा कोठून येईल, वीजबिल कोण भरील, हे खरेदीपूर्वीच तिने लेखी ठरवावे.

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. औद्योगिक परिसरातील गावांनी अशा निधीकडे केवळ टॅबवाटपासाठी पाहू नये. वस्तू एका दिवसात वाटून होतात. पाच वर्षांची देखभाल, ग्रंथालय, सायंकाळच्या वर्गातील मार्गदर्शकाचे मानधन यांना खरी गरज असते. देणाऱ्यालाही त्यातच खरे पुण्य आहे.

आणि अखेर हिशेब मागितला पाहिजे. रस्त्याचा, नळयोजनेचा, घरकुलाचा हिशेब ग्रामसभेत होतो. मग वर्गातील पडद्याचा का होऊ नये? वर्षातून एकदा, १५ ऑगस्टच्या किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, शाळेने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. यंत्र किती दिवस चालले, बिघडले तेव्हा किती दिवसांत दुरुस्त झाले, आणि गेल्या वर्षी वाचता न येणाऱ्या मुलांपैकी किती मुले आज वाचतात. यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर नको. तिसरीतील मुलांनी एकेक करून पुढे यावे आणि गावासमोर दुसरीच्या पुस्तकातील परिच्छेद वाचून दाखवावा. वाचताना कोणी 'जवर' म्हटले तरी हरकत नाही. जे मूल अडखळेल त्याची यादी त्याच सभेत करावी, प्रत्येक नावापुढे गावातील एका जाणत्या माणसाचे नाव लिहावे, आणि पुढच्या ग्रामसभेत ती यादी पुन्हा वाचावी.